भिंतीपलीकडचा पिवळा मरवा

अक्काच्या घरी राहायला गेले त्याच्या दुसऱ्याच सकाळी तिनं मला कामाला लावलं, आणि काम काय, तर झाडाची पानं खुडायची. मला वाटलं होतं आत्याकडे शिकायला चाललेय म्हणजे थोडे लाड होतील. कसले लाड! अक्का माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील तिला अक्का म्हणायचे म्हणून आम्ही सगळी भावंडंही तिला अक्काच म्हणायचो. शिरपूरकडच्या आमच्या गावात सातवीच्या पुढे शाळा नव्हती, म्हणून मला धुळ्याला, देवपुरात तिच्याकडे ठेवलं. तीन खोल्यांचं घर, मागं फरशी घातलेलं अंगण, अंगणाच्या कडेला कपडे धुवायचा दगड आणि त्याच्या मागं डोक्याएवढ्या उंचीची विटांची भिंत. भिंतीच्या बुडाशी, दगडापासून दोन हातांवर, फुटक्या माठाच्या खालच्या अर्ध्यात तो मरवा लावलेला होता.

मरवा माझ्या ओळखीचा होता. आमच्याकडे बायका शेवंतीच्या वेणीत मध्येमध्ये मरव्याच्या काड्या घालतात, त्याचा वास दिवसभर डोक्यात राहतो. पण तो हिरवा असतो. हा पिवळा होता. वाळलेला, रोगट पिवळा नव्हे, चांगला टवटवीत, कोवळ्या हळदीच्या रंगाचा. मी वाकून हुंगायला गेले तर अक्कानं माझा दंड धरला. "हात नको लावू. हिरवं दिसनं का तेवढंच खुडी टाक. वढू नको." मग तिनं मला दाखवलं. त्या पिवळ्या झुडपात कुठं कुठं एखादा शेंडा हिरवा निघायचा. तो नखानं खुडायचा, अंगणात पडू द्यायचा नाही, भिंतीपलीकडे टाकून द्यायचा आणि हात धुवायचे. रोज, आंघोळ झाल्यावर, कोणाशी बोलायच्या आत. मी विचारलं, असं का? तर म्हणाली, "हिरवा जोरदार राहस, पिवळा नाजूक राहस. हिरवाले सोडं ते तो पिवळाले खाई टाकस. गोकुळनं सांगेल शे."

गोकुळ तिचा एकुलता एक मुलगा, तिच्या बोलीत अंडोर. मी त्याला लहानपणी पाहिला होता, उंच, पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले. तो जळगावकडे एका रोपवाटिकेत कामाला होता. झाडांचं वेड त्याला. नानांना, म्हणजे अक्काच्या यजमानांना, ते पटत नव्हतं. नाना एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. मुलानं चार बुकं शिकून टेबल-खुर्चीवर बसावं, मातीत हात आमच्या बापजाद्यांनी काय कमी घातले, हे त्यांचं म्हणणं. एकदा तो सुट्टीवर आला असताना दोघांची जुंपली आणि नानांनी वीस वर्षांच्या मुलाच्या कानाखाली लावली. वर म्हणाले, पुन्हा या घरात तोंड दाखवू नको. तो त्याच दिवशी सुरतेला निघून गेला. आईसाठी ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेला पिवळ्या मरव्याचा फुटवा त्यानं जाण्याआधी माठात लावला आणि अक्काला सांगितलं, "ह्या पिवळा शे तवलोंग मी मजामा शे असं समज." झाड पिवळं तोवर आपण खुशाल, असं सहज बोलला असेल. पोरं बोलतात असं. पण त्यानंतर त्याचं एक पत्र आलं नाही, आणि अक्कानं ते वाक्य धरून ठेवलं. हे सगळं मला तिनंच सांगितलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापता थापता, भाकरीवरची नजर न काढता.

मी आयुष्यभर शाळेत शास्त्र शिकवलं. भुताखेतांच्या गप्पा माझ्यासमोर कोणी काढल्या तर मी चहा ठेवायला उठून जाते. तेव्हा पुढचं जे सांगतेय ते माझ्या तोंडी शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. पण जे झालं ते झालं.

त्या घरातली दुपार मला सोसत नसे. शाळेच्या दिवशी मी बाहेर असे, पण रविवारी आणि सुट्टीला जेवणं झाली की घर असं गप्प व्हायचं की पाण्याच्या टाकीतला थेंब ऐकू यायचा. नाना जेवून "जरा पडतो" म्हणून पुढच्या खोलीत जात. अक्का दगडापाशी भांडी घासायला बसे. मी मधल्या खोलीत गोकुळच्या खाटेवर पुस्तक घेऊन आडवी व्हायची. त्या खाटेवर बसायची परवानगी होती, चादर मात्र विस्कटू द्यायची नाही. आणि तिथं पडलं की मला आवाज यायचा. पुरुषाचा. हळू, कोणाची तरी समजूत काढल्यासारखा. शब्द कळायचे नाहीत, पण मध्येच एखादा तुकडा स्पष्ट यायचा. "पाणी पेधं का?" एकदा तर साफ ऐकलं, "आते तरी बोल ना रे." आवाज अंगणाच्या भिंतीमागून येत होता. भिंतीमागं होती दोन घरांमधली एक पडीक पट्टी. तिच्या तोंडाला पत्र्याचं दार, त्याला कुलूप. तिथं कोणी जात नसे.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून अंगणात गेले. अक्का भांडी घासत होती. मी विचारलं, "अक्का, कोण बोलस वं?" तिनं मान वर केली नाही. "कोनी नही. वारा शे." त्या दिवशी पान हलत नव्हतं. ती मात्र राख घेऊन पातेलं इतकं जोरजोरात घासायला लागली की पुढचं काही ऐकूच आलं नाही. मी परत येऊन खाटेवर न बसता खाली जमिनीवर बसले. त्यानंतर दर सुट्टीच्या दुपारी मी त्या आवाजाची वाट बघायची आणि तो येऊ नये असंही वाटायचं. माझी खात्रीच झाली होती की गोकुळ तिकडं मेला आहे आणि इथं येऊन बोलतोय. पण मरवा तर पिवळा होता. मग मेलेला नाही. मग बोलतं कोण? चौदा वर्षांच्या डोक्याला हे कोडं झेपत नव्हतं, आणि सांगणार कोणाला?

आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी. घरोघर नारळाला डोळे-नाक लावून, नथ घालून देवी मांडतात, बायका तिची गाणी म्हणतात, आणि तिचा नैवेद्य म्हणजे रोट. रोटाचं धान्य घरातल्या पुरुषांच्या नावानं मोजतात, प्रत्येकाची सव्वा मूठ. तेच दळायचं, त्याचीच पुरणपोळी करायची, ती कुळातल्या माणसांनीच खायची आणि कण टाकायचा नाही. मी भावाची मुलगी, दुसऱ्या कुळातली, म्हणून मला रोट नव्हता. माझ्यासाठी वेगळी भाकरी आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. पहिल्या श्रावणात मी बाजूला बसून नुसतं बघितलं. शनिवारी अक्कानं गव्हाच्या परातीत हात घातला. सव्वा मूठ नानांची, सव्वा मूठ धाकट्या दिरांची, मग त्यांच्या मुलांच्या. मग थोडी थांबली, अंगणाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ही गोकुळनी." मूठ जिवंत माणसाचीच घेतात. गेलेल्याच्या नावानं घेतली तर कानबाई सहन करत नाही, घरावर येतं, असं सगळे मानतात. बाहेर असलेल्या मुलाचा वाटा बापानं खायचा. रविवारी नानांनी तो खाल्ला. डोळे मिटून खाल्ला, घासाघासाला पाणी पिऊन. नंतर दोन दिवस त्यांच्या पोटात काही टिकलं नाही. धाकटे दीर म्हणाले, भाऊ, पुरण बाधलं. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या वर्षी मरवा बिघडला. जूनमध्ये दोन सरी पडल्या आणि पावसानं दडी मारली. एका सकाळी मी खुडायला बसले तर हिरवे शेंडे पाच-सहा नव्हे, वीस-पंचवीस निघाले. खुडले. दोन दिवसांनी तेवढेच पुन्हा. खुडलेल्या ठिकाणी दोन दोन फुटायचे आणि तेही हिरवे. अक्का घाबरली. कोणाची दृष्ट लागली म्हणून तिनं भिंतीवरून गोणपाट सोडलं. गल्लीतल्या बायका डोकावतात म्हणून दुसऱ्या बाजूनंही सोडलं. गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल आधीच भिंतीवर चढला होता, त्याला दोऱ्या बांधून तिनं मरव्यावर मांडव करून घेतला. रोज एक नवा आडोसा. आणि रोज झाड आणखी हिरवं. आषाढ सरता सरता सगळ्या झुडपात पिवळी म्हणावी अशी एक काडी उरली.

मागच्या वर्षी माझ्या नातीनं पुण्याच्या एका नर्सरीतून माझ्या गच्चीसाठी एक कुंडी आणली. म्हणाली, आजी, हा गोल्डन ओरेगॅनो, पिझ्झ्यावर टाकतात ना त्यातला. मी पान चुरगाळलं. मरव्याच्या जवळचा वास, आणि तोच रंग. मग मी शास्त्राच्या बाईसारखी वागले. एक फांदी उन्हात ठेवली, एक जिन्याखाली. महिन्याभरात जिन्याखालची हिरवी झाली, बाहेर काढली तशी पुन्हा पिवळी फुटली. इतकं साधं. त्याला सकाळचं ऊन लागतं, बाकी काही नाही. अक्का त्याला जितकी जपत होती तितकी ती त्याचं ऊन तोडत होती, आणि मी मेली आज्ञाधारक, दोऱ्या बांधायला तिला मदत करत होते.

कानबाईला आठ दिवस राहिले असताना अक्का मला म्हणाली, "हिरवा व्हयना ते यंदा मूठ नही." एवढंच. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मूठ नाही म्हणजे मुलगा नाही. स्वतःच्या हातानं, भाऊबंदांसमोर, त्याच्या नावानं परातीत हात न घालून ती तसं जाहीर करणार होती. त्या आठवड्यात तिनं एक वेळचं जेवण सोडलं. मला शेवेची भाजी करून घालायची आणि आपण तांब्याभर पाणी पिऊन उठायची. माझा जीव तीळ तीळ तुटत होता. मला ती फार आवडायची, हे मी तिला कधी सांगितलं नाही, आणि त्या वेळी ते अगदी ओठावर आलं होतं. कुठूनही, कसंही, एक पिवळी फांदी हवी होती मला.

शनिवारी, मूठ घ्यायच्या दिवशी, शाळा अर्धी होती. दुपारी घरी आले. अक्का कानबाईच्या पूजेचं सामान आणायला बाजारात गेली होती. नानांच्या चपला दारात होत्या, पण पुढच्या खोलीत ते नव्हते. मी अंगणात आले आणि मला वास आला. मरव्याचा, दाट, ऊन लागून तापलेला. माठातल्या त्या हिरव्या झाडाला एवढा वास उरलेलाच नव्हता. वास भिंतीच्या वरून येत होता. आणि त्याच्यासोबत तो आवाज. "आज मूठ शे तुनी." पाय पळायला निघाले होते, पण कसं कोण जाणे, ते धुण्याच्या दगडावर चढले. मी गोणपाट बाजूला केलं आणि पलीकडे पाहिलं.

पावसाचा थेंब नसलेल्या त्या पांढऱ्या, भेगाळलेल्या पट्टीत मधोमध पिवळाजर्द मरवा माजला होता. सहा फूट लांब, दीड-दोन फूट रुंद. कडा सरळ. उताण्या झोपलेल्या माणसाएवढा. भर उन्हात तो इतका पिवळा दिसत होता की डोळ्यांना सोसेना. वर्षभर मी जे हिरवे शेंडे खुडून भिंतीपलीकडे टाकले होते ते सगळे तिथं लागले होते आणि सगळे पिवळे झाले होते. त्याच्या उशाशी नाना उकिडवे बसले होते, हातात तांब्या. आधी मला भीतीऐवजी आनंद झाला, काय सांगू. पिवळा म्हणजे गोकुळ जिवंत. मी ओरडलेच, "नाना, हा तर पिवळा आहे, गोकुळदादा बरा आहे."

नानांनी वर पाहिलं. दचकले नाहीत. "मंदा, खाले उतर. पडशी." मी उतरले नाही. मग त्यांनी त्या मरव्यावर हात ठेवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि म्हणाले, "गोकुळ शे आठे. त्यानी पिशवी शे." बाकीचंही सांगितलं. मी इथं यायच्या वर्षभर आधी सुरतेहून एक माणूस नानांना शोधत दवाखान्यात आला होता. गोकुळ तापानं गेला, सोबतच्यांनी तिथंच अग्नी दिला, पत्ता उशिरा सापडला, हे सांगून त्यानं रेक्झिनची पिशवी टेबलावर ठेवली. आत दोन शर्ट, फणी आणि कलमं बांधायचा चाकू. घरी न्यायचा धीर झाला नाही, टाकवेना, जाळवेना. अक्का माहेरी आली होती तेव्हा त्यांनी ती इथं पुरली. खड्डा खणताना भान राहिलं नाही, माणसाएवढा खणला गेला. पत्र्याच्या दाराची किल्ली त्यांच्याकडेच असायची, मग दुपारी तिथं येऊन बसायची सवय लागली. वरून रोज हिरवे शेंडे पडायचे, ते मातीत खोचायचे, पाणी घालायचं. "मीच काढं ना त्याले घरमातीन," ते म्हणाले आणि तांब्यातलं उरलेलं पाणी मरव्याच्या बुडाशी ओतलं.

मी विचारलं, "अक्काला?" त्यांनी मान हलवली. "ती मरी जाई." मग त्यांनी उशाकडच्या बाजूचे मूठभर पिवळे फुटवे मुळांसकट उपटले आणि भिंतीवरून माझ्या हातात दिले. तुम्ही मला आज विचाराल, तर ते मी घ्यायला नको होते. पण अक्का उपाशी होती. मी हिरवं झाड उपटलं, ते पिवळे फुटवे माठात दाबून लावले, गोणपाटं काढली, हात धुतले. हाताचा वास गेला नाही. राखेनं घासले, लिंबानं घासले, तरी नाही.

संध्याकाळच्या आधी अक्का आली. अंगणात गेली. बराच वेळ आत आली नाही. मी स्वयंपाकघरात उभी होते. ती आत आली, परात ओढली, आणि गव्हात हात घातला. नानांची, दिरांची, मुलांची. मग मूठ भरून हात वर काढला आणि तसाच धरून ठेवला. बोटांतून दोन दाणे पडले. "ही गोकुळनी," ती म्हणाली. नाना दारात उभे होते. मला वाटलं, वाचलो. खोटं सांगत नाही, मला हसूसुद्धा आलं.

रविवारी कानबाई मांडली. पुढच्या खोलीत बायकांची गाणी चालू होती, झांजा चालू होत्या, आणि मधल्या खोलीत पुरुषांची पंगत बसली. नाना, धाकटे दीर, त्यांची मुलं. अक्का वाढत होती. नानांच्या ताटात तिनं आधी त्यांचा रोट वाढला, मग गोकुळचा. सगळे जेवायला लागले. नानांनी आपला वाटा संपवला आणि दुसऱ्याला हात घातला. घास तोंडाशी नेला आणि तिथंच राहिला. पुरण ताटात पडलं. दीर म्हणाले, "भाऊ, पाणी प्या." नानांनी पुन्हा घास उचलला. जाईना. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते गव्हाणीत मान घालणाऱ्या बैलासारखे ताटाकडे बघत होते. मी कोपऱ्यात माझी भाकरी घेऊन बसले होते, आणि मला कळत होतं की आता ते ओरडणार तरी, नाहीतर पडणार तरी.

अक्कानं पुरणाचं भांडं खाली ठेवलं. पदर खोचला आणि पुरुषांच्या पंगतीत, नानांच्या शेजारी, मांडी घालून बसली. बायका पुरुषांच्या नंतर जेवतात. तिला तशी बसलेली पाहून धाकट्या दिरांचा हात थांबला. तिनं नानांच्या ताटातली ती पोळी उचलली, मधून दोन केली आणि अर्धी आपल्या हातात घेतली.

"दोन साल तुम्ही एकलाच खाधा," ती म्हणाली. "आते आर्धा मना."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. "तुले कोनी सांगं?" मी जागच्या जागी मेले. पण तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"भिंतना मांगे त्यानासंगे बोलतस तुम्ही. माले ऐकू येस."

झांजा पुढच्या खोलीत चालूच होत्या. नानांच्या गळ्यातून असा आवाज निघाला की पोरं ताटावरून मागं सरकली. "तो गया," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मना अंडोर गया." अक्कानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं घास त्यांच्या तोंडाशी धरला. "जेवी ल्या," ती म्हणाली. "रोट टाकता येत नही." त्यांनी तोंड उघडलं. मग तिनं आपला घास घेतला. कोणी उठलं नाही, आणि ती दोघं एका ताटातून मुलाची मूठ खात राहिली, ताटात काही उरलं नाही तोपर्यंत.